उतरण राहिली

त्या साली कांद्यापेक्षा तण शहाणं निघालं. आभाळ धड पडेना, धड उघडेना. सकाळी भुरभुर, दुपारी चटका, दिवस कलला की पुन्हा भुरभुर. कांद्याची पात बोटभर वर आली तोवर लव्हाळा वीतभर झाला होता. उपटावा तर पान हातात यायचं आणि गाठ मातीतच राहायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, इथं कुणी हौसेनं गवत पेरलंय आणि मधेमधे कांदा चुकून उगवलाय.

अशा दिवसांत एकटीच्या हातानं काही निभत नाही. म्हणून बायकांची सावड होती. आज हिच्या शेतात बसायचं, उद्या तिच्या. मजुरीची भाषा नाही, हाताला हात द्यायचा. कुणाचा वाफा कधी धरायचा ते म्होरकी ठरवायची. म्होरकी हाडापेरानं भक्कम, चालताना जमीन तिला वाट देते असं वाटायचं. तिनं खुरपं टेकलं की ओळ बसायची, तिनं कंबर सरळ केली की ओळ पाणी प्यायची. तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे.

गाण्यात मात्र जात. आणि गाणं होतं गळेकरणीचं.

गळेकरीण म्हणजे म्होरकीची शेजारीण. दोघींच्या घरांत एक भिंत आणि शेतांत एक बांध. अंगानं काडी, पण आवाज असा की वाफ्याच्या या टोकाला बसून म्हटलं तर त्या टोकाची बाई हातातलं तण विसरायची. तिच्या गाण्यावर हात एका लयीत पडायचे आणि कंबर मोडलेली कळायची ती घरी गेल्यावर.

गाण्याचा कायदा होता. ओळीत बसून कुणी कुणाला काहीही म्हणावं. म्होरकीला म्हणावं, सासूला म्हणावं, जिच्याशी बोलायची चोरी तिलाही म्हणावं. जिला लागलं तिनं हसावं, जमलं तर उलटं बांधून द्यावं. आणि बांध जवळ आला की जिनं सुरुवात केली तिनं उतरण म्हणायची. दिवसभर दुसऱ्यांवर चढवलेलं सगळं शेवटी स्वतःवर उतरवून घ्यायचं. मग उठायचं, पाटात हात धुवायचे. गाण्यातलं घरी न्यायचं नाही.

त्या दिवशी ओळ म्होरकीच्याच शेतात होती. म्होरकीची लेक नवऱ्याचं घर सोडून माहेरी येऊन राहिली होती. ती आईशेजारी मान खाली घालून खुरपत होती. सगळ्यांना ठाऊक आणि कुणी बोलत नव्हतं, त्यामुळं हवा जड झाली होती. गळेकरणीनं ती फोडली.

*म्होरकीच्या घरी बाई, एक चूल दोन धूर*
*लेक आली माघारी ग, जावई राहिला दूर*

"दूर ग दूर," ओळीनं धरलं. सगळ्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून म्होरकीकडं पाहिलं. म्होरकीनं खुरपं खाली ठेवलं, नाक शिंकरलं आणि अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकही हसली. किती दिवसांनी तिचे दात दिसले. मग म्होरकीनं उलटं फेकलं,

*गळेकरणीचा लेक बाई, राहतो परगावी*
*सून बोले फोनाशी ग, सासू कान लावी*

आता हसायची पाळी ओळीची. गळेकरणीची सून तर इतकी लाजली की तिनं तणाबरोबर दोन कांदे उपटले. सासूनं पाहिलं, पण गाणं चालू होतं, म्हणून ओरडता येईना.

बांध आला तसा गळेकरणीनं आवाज खाली घेतला.

*बोलले मी जिला बाई, तिच्या बांधाची मी माती*
*माझ्या जिभेवरचं तण, तिनं उपटावं हाती*

म्होरकीनं पुढं होऊन तिची जीभ चिमटीत धरल्यासारखं केलं. हसत खिदळत सगळ्या पाटाकडं गेल्या.

सुनेचा फोन तेवढा वेळ तिच्या कमरेच्या पिशवीत चालू होता. नवरा पार्सलांच्या गोदामात कामाला, दूर शहरात. आदल्या रात्री म्हणाला होता, "आईचं गाणं ऐकव ना. इथं दिवसभर नुसती सरकत्या पट्ट्यांची घरघर. कान किटले." तिनं ते फोनात धरलं आणि रात्री त्याला पाठवून दिलं. अख्खं, उतरणीसकट. दुसऱ्या कुणालाही नाही.

*

पुढच्या आठवड्यात गळेकरीण मीठ आणायला दुकानात गेली. दुकानाच्या पायरीवर चारपाच पोरं एका फोनवर झुकलेली. अचानक तिला तिचाच आवाज ऐकू आला. कुणीतरी मागं उभं राहून वेडावतंय असं वाटून तिनं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. आवाज पोरांच्या हातातून येत होता. खाली कसलेसे ढोल बडवले होते, टाळ्या होत्या, आणि ती म्हणत होती, एक चूल दोन धूर. मग दूर, दूर, दूर असं बराच वेळ, जणू कुणी विहिरीत तोंड घालून ओरडतंय.

ती मीठ हातात धरून उभी राहिली. आता म्होरकीचं उलटं येईल, आता उतरण येईल. पण दूर-दूर संपलं आणि पुन्हा एक चूल दोन धूर सुरू झालं.

"पुढं?" तिनं विचारलं.

पोरांनी वर पाहिलं. एक म्हणाला, "पुढं काही नाही काकू. एवढंच आहे." मग त्याला उमगलं. "अरे, याच की त्या. मातीची माय."

"कुणाची माय?"

"तुमचं नाव आहे ते. यात लिहिलंय."

दुसऱ्यानं तोवर फोन तिच्यासमोर धरला होता. तिनं मिठाची पुडी तोंडापुढं धरली आणि घराकडं निघाली. वाटेत प्रत्येक उंबऱ्यातून तिला आपलाच आवाज येतोय असं वाटत होतं. दोन उंबऱ्यांतून तर खरंच येत होता.

घरात सून भांडी घासत होती. सासू तिच्यासमोर उभी राहिली.

"तुझा फोन दे."

सुनेनं ओले हात पुसून फोन दिला. सासूला तो उघडता येत नव्हता. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला.

"यात माझं गाणं कसं गेलं?"

सुनेनं हात पुन्हा पुसले. तिनं दुपारीच ते पाहिलं होतं. पाहिल्या पाहिल्या नवऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, "आईला सांगू नको इतक्यात. लाखावर लोकांनी ऐकलंय. अजून थोडं वाढू दे, मग मीच सांगतो. तिला किती आनंद होईल." सांगावं तर मायलेकांत आग लावली म्हणतील. न सांगावं तर चोर आपण.

"मी ऐकायला घेतलं होतं," ती शेवटी म्हणाली. "चूक झाली, आत्या."

"ऐकायला मी घरात नव्हते? गळा कुठं गहाण होता माझा?"

ओट्यावर बसून सासूचा म्हातारा नवरा खुरप्यांना धार लावत होता. त्याला कमी ऐकू यायचं, पण नेमकं हवं ते यायचं. "अगं, तिला बोलून काय," तो म्हणाला. "आपल्या घरातलं कधी काही राहिलंय का घरात? भिंतीपलीकडं म्होरकी. फोन परवडला."

सासूनं फोन पिठाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण दाबलं. तेव्हापासून डबा उघडायचा तर तिच्यासमोर.

*

सकाळी ओळ दारावरून गेली. रोज म्होरकी हाक मारायची, "निघालीस का ग, का अजून नवरीसारखी नटतेयस?" आज हाक नाही. खुरप्यांची खणखण आली आणि गेली. त्या दिवशी पाळी गळेकरणीच्या वाफ्यांची होती. ओळ पुढच्या शेताकडं वळली.

सासूनं डोक्याला फडकं बांधलं. "चला," ती सुनेला म्हणाली. "हात आहेत अजून."

दोघी वाफ्यात बसल्या. म्हातारा मागून तण गोळा करून बांधावर टाकत होता. रात्रीच्या भुरभुरीनं माती चिकटलेली, खुरप्याला लोंबायची. दर दोन हातांनी ती अंगठ्यानं सोलून काढावी लागे. सुनेच्या अंगठ्याची कातडी दुपारपर्यंत गेली. सासू काही म्हणत नव्हती, गातही नव्हती. गाण्याशिवाय हात आपापल्या मनानं चालतात. सून पुढं जाई, थांबे. सासू मागं राही, चिडे.

"पळतेस कुठं? मुळासकट काढ. वरवरचं कापून पुढं जायची सवयच लागलीय सगळ्यांना."

"काढतेय मुळासकट."

"दिसतंय."

दिवस बुडताना वळून पाहिलं तर काढलेला पट्टा एखाद्या टॉवेलएवढा दिसत होता आणि सकाळच्या जागी लव्हाळ्याची नवी टोकं हसत होती. पलीकडच्या शेतातून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, पण गाण्याचा नाही. सासू कंबरेवर हात ठेवून कान देत राहिली. बिनगाण्याची ओळ तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

असे किती दिवस गेले, ते तिच्या गुडघ्यांना विचारावं. एकदा उठायला ती दोनदा खाली बसे. पिकाचं काही खरं नव्हतं. पात पिवळी पडायला लागली होती. अजून आठवडाभर हात लागले नाहीत तर कांदा सुपारीएवढा राहणार आणि वर्ष कोरडं जाणार, हे तिघांनाही कळत होतं. बोलून दाखवलं फक्त म्हाताऱ्यानं.

"जा तिच्याकडं," तो म्हणाला. "मान खाली घालणं आपल्याला कधी जड गेलंय काय? वाफ्यात दिवसभर खालीच असते."

*

म्होरकी अंगणात दोरखंड वळत होती. एक टोक खुंटीला, एक तिच्या मुठीत. गळेकरीण आली हे पाहूनही तिनं वळणं थांबवलं नाही. ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. गळेकरीण उंबऱ्याखाली उभी राहिली. याच अंगणात ती आजवर पायरी न बघता चढत आली होती.

"तण फार झालंय," ती म्हणाली.

"सगळ्यांकडंच झालंय."

"सावड आहे आपली. माझे आणि सुनेचे हात तुमच्या सगळ्यांच्या शेतात लागलेत."

"लागलेत की. आणि तुझी जीभही."

दोर करकरला. गळेकरीण म्हणाली, "तू हसली होतीस. माझ्यापेक्षा जास्त हसली होतीस. उलटं बांधलंस मला. ते विसरलीस?"

म्होरकीनं आता दोर सोडला. तो फिरत फिरत सैल पडला.

"शेतात हसले ग. शेतात मी कशालाही हसेन. पण परवा माझ्या विहिणीनं फोन केला. बोलणं जमत आलं होतं आमचं. ते येणार होते, बसणार होते, काय चुकलं काय नाही ते चार माणसांत बोलणार होते. ती म्हणाली, तुमच्या लेकीवर तर गाणी निघालीत, आमच्या पोराला लोक जावई राहिला दूर म्हणून हाका मारतात, आता कशाला यायचं. मी तिला काय सांगू? आमच्यात असं म्हणतात आणि आम्ही हसतो, असं? तिनं विचारलं, मग तुमचं हसणं कुठं आहे त्यात?"

"उतरण म्हटली होती मी."

"मला ठाऊक आहे. मी तिथंच होते. त्यांना कोण सांगणार? त्यात नाही उतरण. कितीदा ऐकलं मी, शेवटपर्यंत ऐकलं, वाट बघितली. येतच नाही."

दोघींनी एकाच गोष्टीची वाट पाहिली होती.

आतल्या दारात म्होरकीची लेक उभी होती. ती गळेकरणीकडं बघत होती, रागानं नाही, कसल्याशा हिशेबानं, जणू काही सांगावं की न सांगावं. मग तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत आहे ना, हे कुणी टाकलं?"

"सुनेनं. तिच्याच फोनात होतं."

लेकीनं आईकडं पाहिलं. म्होरकीनं डोळ्यानं तिला गप्प केलं आणि दोर पुन्हा मुठीत घेतला.

"तू घरचं बघ आधी," ती म्हणाली. "मग सावड माग."

*

सासूनं घरी येऊन डबा उघडला, पिठानं माखलेला फोन काढला, झटकून सुनेपुढं धरला. "लाव त्याला."

लेकाचा चेहरा दिसला. मागं खोक्यांच्या भिंती. आईला पाहून तो खुलला.

"आई, तब्येत काय म्हणते?"

"तब्येत राहू दे. माझं गाणं फोनात गेलंय. तुझ्या कानावर आलं का?"

त्याचे डोळे बायकोकडं गेले. ती चुलीपाशी, फोनाच्या चौकटीबाहेर उभी होती, पण ती तिथंच आहे हे त्याला कळत होतं.

"आलं की," तो म्हणाला. "इथं सगळ्यांनी ऐकलं. माझ्या पाळीतले लोक मला मातीच्या मायचा लेक म्हणतात. पूर्वी नुसता नंबर होता मला."

"कुणी टाकलं?"

"आता ते कसं कळणार, आई. हिच्या फोनातून कुणीतरी उचललं असेल. असं होतं. फोन कुठं उघडा राहतो, कुणाच्या हाती पडतो."

सुनेनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. जाळ बसला आणि धूर झाला. धूर डोळ्यांत जाऊनही ती तोंड फिरवून उभी राहिली नाही.

"मग असं कर," आई म्हणाली. "उतरण घाल त्यात. जिथं ते आहे तिथंच पुढं चिकटव. ती ऐकली की लोकांना कळेल."

लेक हसला, मायेनंच हसला. "अगं, एवढं अख्खं कोण ऐकतं? लोक बोट लावतात आणि पुढं जातात. सुरुवातीलाच गंमत पाहिजे. उतरण संथ आहे, तिच्यावर ताल बसत नाही."

"बसवून पाहिलास?"

"नाही, म्हणजे... बसणार नाही म्हणतोय."

फोन बंद झाल्यावर सासू बराच वेळ काळ्या काचेकडं पाहत राहिली. काचेत तिचा चेहरा दिसत होता, पिठाच्या बोटांचे ठसे पडलेला. सून आता काही बोलेल म्हणून ती थांबली. सून भांड्यावर झाकण ठेवत होती. सासूनं फोन पुन्हा डब्यात टाकला, पण या वेळी झाकण दाबलं नाही.

*

दोन दिवसांनी बांधावर एक अनोळखी माणूस आला. स्वच्छ बूट, हातात काठीला लावलेला फोन. बुटांना चिखल लागू नये म्हणून तो एका दगडावर उभा होता, आणि दगड डुगडुगत होता म्हणून सगळा डुगडुगत होता.

"मातीची माय आपणच ना?" तो म्हणाला. "लांबून आलोय. ती दोन धूरवाली ओळ तेवढी म्हणा ना. असंच खुरपत खुरपत."

"गळा बसलाय."

"थोडंसं. नुसती सुरुवात."

"सुरुवातच बसलीय."

म्हातारा खिदळला. माणसानं तेही टिपलं. मग तो म्हणाला, "हरकत नाही, आपण कामाचं घेऊ. जरा वर बघा. हसा. नाही, कष्ट केल्यासारखं हसा."

सासूनं मान वर केली नाही. पण तिला कळत होतं की तिचा हात बदललाय. इतकी वर्षं खुरपं धरणारा हात आता खुरपं धरल्याचं दाखवत होता. खुरपं कांद्याच्या मुळाला लागलं. पात आडवी झाली.

सून उठली. मातीचे हात तसेच घेऊन ती सरळ त्या फोनापुढं जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की काचेत तिच्या कपड्यांशिवाय काही दिसू नये.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. पत्ता होता ना वर. लिहिलंय त्यानं, आमचं गाव म्हणून."

"जा आता," सून घाईनं म्हणाली. "आमचं काम आहे."

माणूस गेला. सासू तिच्याकडं पाहत होती. त्या माणसानं 'त्यानं' म्हटलं होतं. तिनं ते ऐकलं होतं. पण सुनेनं त्याला इतक्या घाईनं का हाकललं, हेही तिनं पाहिलं होतं. कोणतं धरावं आणि कोणतं सोडावं, ते तिला ठरवता येईना. तिनं आडवा झालेला कांदा पुन्हा मातीत दाबला. तो जगणार नव्हता.

*

शेवटी ओळ आली ती मायेनं नाही, तणानं. म्होरकीच्या शेतात दुसऱ्यांदा लव्हाळा उभा राहिला होता आणि गळेकरणीच्या घरचे दोन हात कमी पडत होते. बाकीच्या बायकाही कुरकुरू लागल्या होत्या. आज हिची सावड बुडवली, उद्या आपलीही बुडवतील.

सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. हाक नव्हती ती, नुसतं बोलणं. "आज तुझ्याकडं बसतोय. गाणं नको."

बायका वाफ्याच्या कडेनं उभ्या राहिल्या. एरवी येताच कुचेष्टा सुरू व्हायची. आज प्रत्येकीनं दुसरीच्या कमरेकडं पाहिलं, झोळीकडं पाहिलं. एकीनं झोळी न विचारता झटकून दाखवली. त्यातून एक कंगवा पडला. कुणी हसलं नाही.

म्होरकी मुद्दाम पार पलीकडच्या टोकाला बसली. तिच्याजवळ तिची लेक. मग बाकीच्या बायका. या टोकाला सून, आणि सुनेच्या अलीकडं सासू.

खुरपी पडायला लागली. एक इथं, एक तिथं, जसं छपरावरून गळणारं पाणी पडतं. ओळ वाकडी झाली. कुणी पुढं गेली, कुणाची कंबर आधीच धरली. ऊन चढलं. म्होरकी म्हणाली, "अगं, सरळ धरा." सरळ होईना. हातांना कुणी सांगणारं नव्हतं. या चालीनं दिवसात अर्धंही शेत होणार नव्हतं, आणि ओळ उद्या पुन्हा येईल याची खात्री नव्हती.

सासूनं बराच वेळ सोसलं. तिच्या घशात काहीतरी वर येई आणि दातांशी थांबे. तिनं आभाळाकडं पाहिलं, बांधाकडं पाहिलं, बांधावरच्या झुडपाकडं पाहिलं. मग ती सुनेकडं झुकली आणि तिच्या कानात, ओठही हलू न देता म्हणाली,

*गाठ लव्हाळ्याची खोल, त्याहून अबोला खोल*
*टोकाला बसली म्होरकी, तिला कुणीतरी बोल*

"पुढं दे," ती म्हणाली.

सून तिच्याकडं पाहत राहिली. लग्न होऊन आल्यापासून सासूचा श्वास इतक्या जवळून तिनं कधी ऐकला नव्हता. मग ती वळली आणि शेजारणीच्या कानाला लागली. शेजारीण दचकली, ऐकलं, तोंड दाबलं, पुढं दिलं. गाणं ओळीतून निघालं. आवाज नव्हता, पण ते कुठवर पोचलं ते दिसत होतं. ज्या बाईजवळ यायचं तिचा हात थांबायचा, आणि तिनं पुढं दिलं की तो लयीत पडायचा. वाऱ्यानं पिकात लाट जावी तसं ते गेलं. म्होरकीच्या लेकीनं आईच्या कानात तोंड घातलं.

म्होरकीनं ऐकलं. ती हसली नाही. तिनं खुरप्याची माती अंगठ्यानं सोलली. सासूला वाटलं, संपलं. मग म्होरकी लेकीकडं झुकली.

उलटं यायला लागलं. बायका ऐकत होत्या आणि कुणीही तोंड दाबत नव्हतं. उलट जी ती ऐकून एकदा या टोकाकडं बघायची आणि मग पुढं द्यायची. ते सुनेपाशी आलं. सुनेचा हात थांबला तो थांबलाच.

"काय म्हणते?" सासूनं विचारलं.

सून तिच्या कानाशी आली.

*चोर शोधे गळेकरीण, सून धरली धाकात*
*आईचा गळा कापून ग, लेक बसला झोकात*

सासूचं खुरपं मातीत रुतलं होतं, ते तसंच राहिलं. तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ताल बसत नाही म्हणाला तेव्हाच ठाऊक झालं होतं. पण आपलं आपल्याला ठाऊक असलेलं माणूस कुठंही ठेवू शकतं, पिठाच्या डब्यातसुद्धा. ऐकलेलं कुठं ठेवणार?

तिनं त्या टोकाकडं पाहिलं. म्होरकीची पाठ वाकलेली होती. पाठीवरून काही कळत नाही. मधल्या बायकांकडं पाहिलं. वाटेत कुणी काय घातलं, काय काढलं, कुणाला ठाऊक. फोनात असतं तर पुन्हा लावून ऐकता आलं असतं. या विचाराची तिला इतकी शिसारी आली की ती थुंकली.

"ही तिची," तिनं सुनेला विचारलं, "का तुझी?"

सुनेनं नजर खाली ठेवली, पण आवाज खाली घेतला नाही.

"गाण्यातलं विचारायचं नसतं, आत्या. आणि घरी न्यायचंही नसतं. तुम्हीच शिकवलंत."

ओळ पुढं सरकली होती. या दोघींमुळं एवढं टोक मागं पडलं होतं, सुनेचं तर सगळ्यांत मागं. पलीकडून म्होरकीनं पहिल्यांदा मान वर करून इकडं पाहिलं आणि थांबली.

"आज न्यायचं," सासू म्हणाली. "घरी गेल्यावर त्याला फोन लाव. तू समोर बसून बोलायचंस. मी मागं उभी राहीन."

आणि तिनं हात लांब करून सुनेच्या ओळीत खुरपं घातलं.